दिव्यांग उमेदवारांना नोकरीत न्याय्य संधी कशी द्यावी: ठाणे-नवी मुंबईतील आस्थापनांसाठी

दिव्यांग उमेदवाराचा अर्ज हाती आला की आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत पहिला प्रश्न दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचा विचारला जातो. प्रमाणपत्रावर 45 टक्के आहेत की 75, एवढे पाहून ही व्यक्ती काम करू शकेल की नाही याचा निकाल मनातल्या मनात लागतो आणि अर्ज बाजूला पडतो. वागळे इस्टेट, रबाळे, महापे आणि तुर्भे या पट्ट्यातील कारखान्यांसाठी व कार्यालयांसाठी मी गेली अनेक वर्षे भरतीचे काम करते आहे, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही अशीच टक्केवारी पाहत असे. ती टक्केवारी वैद्यकीय तपासणीतून येते आणि सवलत, आरक्षण, कर यांसाठी तिचा उपयोग असतो. एका पायाने 60 टक्के दिव्यांग असलेला माणूस मालाची नोंदवही ठेवू शकेल का, याविषयी ती काहीही सांगत नाही. ते उत्तर कामाकडे पाहूनच मिळते. म्हणून या मार्गदर्शिकेत भरतीचा प्रत्येक टप्पा मी एकाच प्रश्नाच्या आधाराने मांडला आहे: या कामात प्रत्यक्षात काय करावे लागते, आणि ते आणखी कोणत्या रीतीने करता येईल?

आधी काम उलगडून लिहा

पद रिक्त झाले की जुन्या फाइलमधील कामाचे वर्णन काढून तेच पुन्हा छापायचे, ही सर्वांत मोठी चूक आहे. त्याऐवजी त्या पदावर सध्या काम करणाऱ्या व्यक्तीजवळ एक दिवस बसा आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करते, ते वेळेसह लिहून काढा. महाप्यातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्कच्या पदासाठी आम्ही असे केले तेव्हा आठ तासांपैकी सुमारे सहा तास संगणकावर चलन तयार करणे, वाहतूकदाराशी बोलणे आणि नोंदी जुळवणे यात जात होते. उरलेल्या वेळात तळमजल्यावरील गोदामात जाऊन खोक्यांवरील क्रमांक तपासणे, दिवसातून दोनदा पहिल्या मजल्यावर सह्यांसाठी कागद नेणे आणि कधीमधी एखादे खोके उचलून तराजूवर ठेवणे ही कामे होती. जुन्या वर्णनात मात्र 'उमेदवार शारीरिकदृष्ट्या सुदृढ असावा' असे एक वाक्य होते आणि त्या एका वाक्याने कुबडी किंवा व्हीलचेअर वापरणारा प्रत्येक उमेदवार आपोआप वगळला जात होता.

हे कागदावर आल्यानंतर प्रत्येक कामापुढे ते अत्यावश्यक आहे की सवयीने चिकटलेले आहे, हे लिहा. खोके तराजूवर ठेवण्यासाठी गोदामात हमाल होतेच. सह्यांचे कागद ऑफिस बॉय नेऊ शकत होता, आणि पुढे त्या सह्याही संगणकावरच होऊ लागल्या. मूळ कामातील एकही गोष्ट कमी झाली नाही. अशा छाननीत नेहमी आढळणाऱ्या अनावश्यक अटींपैकी दोन विशेष घातक आहेत. दुचाकी चालवण्याचा परवाना ही अट वसुली किंवा विक्रीच्या कामात समजू शकते, पण ती लेखा सहायकाच्या जाहिरातीतही सर्रास दिसते. 'उत्तम संभाषणकौशल्य' ही अट दिवसभर आकडे भरणाऱ्या पदासाठी घातली की कर्णबधिर आणि अडखळत बोलणारे उमेदवार अर्जच करीत नाहीत.

जाहिरात आणि अर्ज

अंध उमेदवार संगणकावर किंवा फोनवर स्क्रीन रीडर वापरतात. हे सॉफ्टवेअर पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवते, आणि एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मोफत मिळतो व मराठीही वाचतो. तथापि त्याला वाचण्यासाठी खरा मजकूर लागतो. आपल्याकडे जाहिरात टाइप करून, छापून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून पाठवण्याची पद्धत आहे, आणि अशी पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने केवळ एक छायाचित्र असते. एका अंध उमेदवाराने माझ्यासमोर आमचीच जाहिरात उघडली तेव्हा त्याच्या फोनने फाइलचे नाव वाचले, 'पान 1' म्हटले आणि तो गप्प झाला. त्यानंतर त्याने आमचा अर्जाचा नमुना उघडला. तो जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर व फोनवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरपद्धती) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये होता, त्यामुळे 'अर्जदाराचे नाव' या जागी फोन सुटी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे वाचत सुटला. तो तरुण एम.कॉम. होता आणि पाच मिनिटांत आम्ही त्याला दोन वेळा दाराबाहेर ठेवले होते.

उपाय बिनखर्चाचा आहे. मजकूर युनिकोड मराठीत टाइप करा, वर्ड फाइलमधून थेट पीडीएफ तयार करा, सहीची प्रत हवीच असेल तर ती वेगळी ठेवा, आणि पाठवण्यापूर्वी त्या फाइलमधील एखादे वाक्य निवडून कॉपी होते का ते पाहा. कॉपी झालेले वाक्य दुसरीकडे चिकटवल्यावर नीट मराठीत उमटले, तर स्क्रीन रीडरही ते बहुधा वाचू शकेल. संकेतस्थळावरील अर्जात चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरण्याची अट असेल तर तिला पर्याय द्या. चौकशीसाठी केवळ फोन क्रमांक देऊ नका. त्याच क्रमांकावर लेखी संदेश स्वीकारला जाईल असे स्पष्ट लिहा, कारण कर्णबधिर उमेदवारासाठी 'फोनवर संपर्क साधावा' हे वाक्य म्हणजे बंद दार आहे. शेवटी एक ओळ अवश्य घाला: 'दिव्यांग उमेदवारांचे स्वागत आहे, चाचणी किंवा मुलाखतीसाठी कोणतीही सोय हवी असल्यास कृपया आधी कळवावे.'

जाहिरात कोठे पोहोचते, हेही पाहिले पाहिजे. वाशी येथे नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र आहे, खारघर येथे बौद्धिक दिव्यांगत्वाच्या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, वांद्रे येथे वाणी व श्रवण दिव्यांगत्वासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अशा ठिकाणच्या प्रशिक्षकांना आणि जवळच्या विशेष शाळांना तुमच्या रिक्त पदांचे उलगडून लिहिलेले वर्णन पाठवा आणि वर्षातून एकदा त्यांना कारखाना दाखवायला बोलवा. काम प्रत्यक्ष पाहिलेला प्रशिक्षक योग्य उमेदवार सुचवतो. 'दिव्यांगांसाठी काही असल्यास कळवू' असे तोंडी सांगितल्याने काहीही घडत नाही, हा माझा अनुभव आहे.

मुलाखत

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे आवश्यक आहे. वागळे इस्टेटमधील एका कंपनीसाठी मी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका उमेदवार मुलीला मुलाखतीला बोलावले होते. इमारतीला लिफ्ट आहे हे मी पाहिले होते, पण लिफ्टपर्यंत जाण्यासाठी सात पायऱ्या चढाव्या लागतात हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी त्या रोज विचार न करता चढत होते. ती आईबरोबर कळव्याहून आली होती. वॉचमनने आणि दोन अनोळखी माणसांनी मिळून तिला खुर्चीसकट उचलले. ती वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता आणि पुढील अर्धा तास तिने प्रत्येक प्रश्नाला एका वाक्यात उत्तर दिले. तिची निवड झाली नाही. ती मुलाखत तिच्या कौशल्याची झालीच नव्हती, हे मला फार उशिरा समजले.

तेव्हापासून मी मुलाखतीच्या बोलावण्यातच चार गोष्टी लिहिते: प्रवेशद्वारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, लिफ्टच्या दाराची रुंदी किती आहे, वापरता येईल असे स्वच्छतागृह कोठे आहे आणि जवळचे स्थानक कोणते. त्यासोबत कोणती सोय हवी आहे हेही विचारते. उमेदवार येऊ शकणार नाही अशी जागा असेल तर तळमजल्यावरील खोली घ्या किंवा व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्या, परंतु उचलून नेण्याची वेळ कोणावरही येऊ देऊ नका.

कर्णबधिर उमेदवारासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवावा, बोलताना दुभाष्याकडे न पाहता उमेदवाराकडे पाहावे आणि खिडकीकडे पाठ करून बसू नये, कारण प्रकाश मागून आला की चेहरा व ओठ दिसत नाहीत. दुभाषी मिळाला नाही तर प्रश्न लिहून द्यावेत, पण अनेक कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठीत त्यांच्याकडून विभक्तीच्या चुका होतात, म्हणून वाक्यरचनेवरून बुद्धीचे माप काढू नये. अंध उमेदवाराला संगणकावरील चाचणी द्यायची असेल तर स्क्रीन रीडर आधी बसवून ठेवावा आणि वेळ वाढवून द्यावा. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या उमेदवारांच्या बाबतीत प्रश्नोत्तरांच्या मुलाखतीतून जवळजवळ काहीच कळत नाही. त्यांना काम करून दाखवावे, मग त्यांच्याकडून करून घ्यावे, आणि शक्य असल्यास तीन-चार दिवसांचे वेतनासह प्रात्यक्षिक ठेवावे. वेतनासह हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, कारण 'अनुभव मिळेल' असे सांगून महिनोन्महिने फुकट राबवून घेण्याचे प्रकार मी पाहिले आहेत आणि तो उघड अन्याय आहे.

'हे कशामुळे झाले?', 'घरी तुमचे कोण करते?', 'लग्न झाले आहे का?' हे प्रश्न विचारू नयेत. त्याऐवजी सर्वच उमेदवारांना एक प्रश्न विचारावा: 'हे काम तुम्ही कसे कराल?' ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची वेगळी रीत शोधली आहे, तो या प्रश्नाचे उत्तर बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा नेमके देतो.

जागा आणि प्रवास

उताराच्या बाबतीत आपल्याकडे फार फसवणूक चालते, अनेकदा नकळत. नियमानुसार उताराचे प्रमाण 1:12 असावे लागते, म्हणजे दर एक इंच उंचीसाठी बारा इंच लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची 18 इंच होते आणि उतार किमान 18 फूट लांब हवा. तेथे सहा फुटांचा लोखंडी पत्रा टाकला की व्हीलचेअर मागे उलटण्याचा धोका असतो. जागा कमी असेल तर उतार वळवून घ्यावा, वळणावर सपाट जागा ठेवावी आणि दोन्ही बाजूंना कठडे लावावेत. दाराची मोकळी रुंदी किमान 900 मिलिमीटर आणि खुर्ची वळवण्यासाठी 1500 मिलिमीटर मोकळी जागा हवी. स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडणारे असावे आणि आत आधारदांड्या असाव्यात. त्यात झाडू, बादल्या आणि जुन्या फाइली ठेवण्याचा मोह मात्र होऊ नये. मी पाहिलेल्या दिव्यांग स्वच्छतागृहांपैकी निम्मी तरी कोठीची खोली झालेली होती.

प्रवासाचा विचार मालकाने करण्याचे कारण काय, असे मला विचारले जाते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून घणसोलीला उतरणारा आणि तेथून शेअर रिक्षाने महाप्याला जाणारा कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, पण सकाळच्या गर्दीत फलाटावरून त्या डब्यापर्यंत पोहोचणे, जिने किंवा लिफ्ट गाठणे आणि रिक्षात कुबडीसह जागा मिळवणे यात इतरांपेक्षा दुप्पट वेळ जाऊ शकतो. कामाची वेळ साडेनऊऐवजी साडेदहा केली, किंवा कंपनीच्या बसचा थांबा स्थानकाच्या नेमक्या बाजूस आणला, तरी उमेदवार नोकरी टिकवू शकतो. ज्या कामांसाठी केवळ संगणक लागतो तेथे आठवड्यातील काही दिवस घरून काम देणे सर्वांत सोपे. मात्र त्या व्यक्तीला कायमचे घरी बसवून सहकाऱ्यांपासून तोडणे म्हणजे सोय नव्हे.

नोकरी लागल्यानंतर

रबाळ्यातील एका कारखान्यात पॅकिंग विभागात चार कर्णबधिर कामगार घ्यायचे ठरले तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्याने फोर्कलिफ्टचा मुद्दा काढला. भोंगा ऐकू येणार नाही, अपघात होईल, म्हणून नको. शंका रास्त होती आणि तिचे उत्तर नकार हे नव्हते. फोर्कलिफ्टवर निळा दिवा बसवला, जो गाडीच्या पुढे काही फुटांवर जमिनीवर ठिपका पाडतो. गोदामाच्या आंधळ्या वळणावर बहिर्गोल आरसा लावला. चालण्याचा मार्ग पिवळ्या पट्ट्यांनी वेगळा केला. आगीच्या घंटेला चमकणारा दिवा जोडला. त्या गोदामात यंत्रांच्या आवाजामुळे ऐकू येणाऱ्या कामगारांनाही भोंगा नीट ऐकू येत नव्हता, हे सुरक्षा अधिकाऱ्यानेच नंतर मान्य केले. टीटीसी, म्हणजे ठाणे खाडीपलीकडील औद्योगिक पट्ट्यात रासायनिक कारखाने बरेच आहेत. तेथे आग किंवा वायुगळतीच्या सरावात दिव्यांग कर्मचाऱ्यांना बाहेर कसे काढायचे, लिफ्ट बंद असताना वरच्या मजल्यावरील व्यक्तीजवळ कोणते दोन सहकारी जातील, हे नावांसह लिहून ठेवावे आणि सरावातून त्यांना वगळू नये.

बोटांचे ठसे घेणारे हजेरीयंत्र कुष्ठरोगमुक्त किंवा हातांनी दिव्यांग व्यक्तीचा ठसा ओळखत नाही आणि तिला रोज दारात उभे राहून सुपरवायझरची वाट पाहावी लागते. तेथे कार्ड द्यावे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या कर्मचाऱ्यास दवाखान्याच्या दिवशी दोन तासांची सुटी आणि शक्यतो रात्रपाळीतून सूट, एवढ्यानेही बरेचदा भागते, आणि त्याची वैद्यकीय माहिती मनुष्यबळ विभागाच्या पलीकडे जाता कामा नये.

वेतन त्याच कामासाठी इतरांइतकेच असले पाहिजे आणि बढतीच्या यादीतही नाव असले पाहिजे. दहा वर्षे एकाच टेबलावर बसवून ठेवलेला कर्मचारी हा न्याय्य संधीचा पुरावा होऊ शकत नाही. पगारपत्रक करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात कायमस्वरूपी दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यांना व्यवसाय करातून सूट आहे, तरीही माहितीच्या अभावी अनेक ठिकाणी दरमहा 200 रुपये कापले जातात. आयकराच्या जुन्या पद्धतीत (1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80यू) 75,000 रुपयांची आणि 80 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. दिव्यांग कर्मचारी बाहेरूनच येतो असे नाही. प्रेस मशिनवर बोटे गमावलेला, किंवा लोकलमधून पडून पाय गमावलेला आपलाच कामगार तीन महिन्यांनी परत येतो आणि त्याला हिशेब करून घरी पाठवले जाते. सरकारी आस्थापनेत हे कायद्याने करता येत नाही: दिव्यांग व्यक्ती हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील कलम 20 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याची पदावनती करता येत नाही, आणि जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. खासगी कारखान्यानेही हाच पाठ स्वतःसाठी लिहून घ्यावा. पंधरा वर्षे मशिन चालवलेल्या माणसाला मालाच्या दर्जातील बारीक दोष हाताने ओळखता येतो. तपासणी, साधनांची नोंद, नव्या मुलांचे प्रशिक्षण या कामांसाठी त्याच्याइतका योग्य उमेदवार जाहिरात देऊनही मिळणार नाही.

उमेदवारांनी काय करावे

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे विशेष ओळखपत्र) यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. अर्जासोबत अर्ध्या पानाचे एक टिपण जोडावे, ज्यात मी कोणते काम कोणत्या पद्धतीने करतो, कोणते सॉफ्टवेअर किंवा साधन वापरतो आणि मला काय लागेल, एवढेच लिहिलेले असेल. शीव-चुनाभट्टी भागात केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तेथे कामाच्या क्षमतेचे मूल्यमापन आणि नोकरीसाठी मार्गदर्शन मिळते. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे.

कायद्याची बाजू आणि समान संधी धोरण

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. सरकारी आस्थापनांत 4 टक्के पदे राखीव आहेत. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, परंतु यावरून खासगी मालकावर कोणतीही जबाबदारी नाही असा जो समज आहे तो चुकीचा आहे. वाजवी सोय, म्हणजे काम करता यावे म्हणून लागणारा रास्त बदल, नाकारणे हाही या कायद्याने भेदभावच ठरतो. कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावयाची असते. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात आहे. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बढती, बदली, रजा, निवास यांबाबतचे प्राधान्य, सहायक साधने व सुगम्यता यांच्या तरतुदी, आणि भरती व सोयी यांवर लक्ष ठेवणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक या बाबी असाव्या लागतात. त्याहून लहान आस्थापनेला पुरवल्या जाणाऱ्या सोयी लिहाव्या लागतात. कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत आणि त्यानंतर 50,000 ते 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तयार मिळणारा इंग्रजी नमुना कंपनीचे नाव बदलून चिकटवू नका. वर सांगितल्याप्रमाणे उलगडून लिहिलेली कामांची यादी हातात असेल तर हे धोरण दोन दिवसांत मराठीत लिहून होते आणि त्यातील पदांची यादी खरी असते. ते संकेतस्थळावर, तसेच कामगारांच्या हजेरीच्या जागेजवळ लावा. संपर्क अधिकारी म्हणून मालकाच्या नातेवाइकाचे नाव केवळ कागदावर घालण्यापेक्षा शॉपफ्लोअरवर रोज फिरणारी व्यक्ती निवडा, तिचा मोबाइल क्रमांक धोरणावर आणि प्रत्येक जाहिरातीवर छापा, आणि त्या क्रमांकावर आलेल्या लेखी संदेशाला कामाच्या दिवशी त्याच दिवशी उत्तर द्यायचे, हे तिच्या कामाच्या वर्णनातच लिहून द्या.